चौथा बार सुटला, पण सहावी कॉर्ड हातची गेली

मागच्या नोंदीत चार आवाजांच्या (वरून खाली सोप्रानो, अल्टो, टेनर, बेस) हार्मनीच्या स्वाध्यायातली ए मायनरची आठ बारची चाल चौथ्या बारशी येऊन अडकली होती. तो बार सुटला. उत्तर अल्टोत नव्हतं, टेनरमध्येही नव्हतं. ते बेसमध्ये होतं, आणि बेसला हात लावायचा नाही असं आधीच ठरवून टाकल्यामुळे इतका वेळ गेला.

उजळणीपुरतं: ४/४, म्हणजे बारला चार ठोके; चौथ्या बारमध्ये सोप्रानोला दोन-दोन ठोक्यांच्या दोन हाफ नोट, सी५ आणि बी४ (अंक सप्तकाचा). पाचव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर परत सी५. खाली कॅडेन्शियल सहा-चार (पहिली कॉर्ड ए-सी-ई, पण तळाशी ई), मग पाचवी (ई-जी♯-बी), मग डिसेप्टिव्ह सहावी (अपेक्षित पहिलीऐवजी एफ-ए-सी). बेस ई३, ई३, एफ३. कागदावर योजना देखणी. पण ई-बी हा पंचम (मोजून पाचव्या स्वराचं अंतर), एफ-सी हाही पंचम, आणि दोन्ही आवाज एकाच दिशेनं अर्धा स्वर वर सरकतात. पॅरलल फिफ्थ, म्हणजे समांतर पंचमांचा दोष, तेही सगळ्यात बाहेरच्या दोन आवाजांत, जिथं ते अजिबात लपत नाहीत.

आधी आतले आवाज हलवून पाहिले: सहावीतला थर्ड (मधला स्वर ए) डबल केला, म्हणजे दोन आवाजांना दिला, टेनर आणि अल्टोची अदलाबदल केली. काही उपयोग नाही. मग सहावीच्या जागी चौथीची सेव्हन्थ कॉर्ड (डी-एफ-ए-सी) पहिल्या इन्व्हर्जनमध्ये, म्हणजे दुसरा स्वर तळाशी. बेस तरी एफ आणि सोप्रानो तरी सी, म्हणजे कॉर्डचं नाव बदललं आणि दोष जागच्या जागी. बी आणि सीच्या मध्ये आठव्या भागाचा डी घातला, तरी ठोक्यावर तेच दोन पंचम ऐकू येतात. बी पुढच्या बारमध्ये ओढून सी उशिरा आणला, तर एफ-बीचा ट्रायटोन (तीन पूर्ण स्वरांचं अंतर) क्षणभर छान चावतो, पण कडक शैलीच्या स्वाध्यायात ती पळवाटच.

पॅरलल फिफ्थ हा दोष का, त्याचं कारण साधं आहे. पंचमाचं प्रमाण ३:२, म्हणजे वरच्या स्वराचे बरेच हार्मॉनिक (स्वराबरोबर वाजणारे उपस्वर) खालच्या स्वराच्या हार्मॉनिकांवर जाऊन बसतात. असे दोन आवाज जोडीनं सरकले की कान त्यांना एकच जाडजूड आवाज समजतो आणि चारांचे तीन होतात. इथं दोष सोप्रानो आणि बेस या जोडीचा आहे, त्यामुळे अल्टो-टेनरमध्ये कितीही खटपट केली तरी ती वायाच. संगीतकार फुक्सनं १७२५ साली ‘ग्रादुस आद पार्नासुम’ या आवाज रचण्याच्या पाठ्यपुस्तकात शिकवणी दोन आवाजांपासून सुरू केली, त्यामागचं शहाणपण असा बार अडला की पटतं. परफेक्ट कॉन्सोनन्सवर (पंचम, सप्तक) जायचं तर विरुद्ध दिशेनं, नाहीतर एक आवाज स्थिर ठेवून.

म्हणून आतले दोन्ही आवाज खोडले आणि फक्त बाहेरचे ठेवले. सोप्रानोचा बी दोन ठोके टिकतो, मग बेसनं दोन्ही ठोके ई धरून बसायचं कशाला? त्यातल्या दुसऱ्या ठोक्याला तो डीवर उतरला की पाचवीची चार-दोन (पाचवीची सेव्हन्थ कॉर्ड, तळाशी डी) तयार होते. डी हा सेव्हन्थ, त्याला सीवर उतरावंच लागतं, आणि तिथं पहिलीचं पहिलं इन्व्हर्जन आयतं मिळतं. डी-बी हा सहावा, पुढं सी-सी सप्तक, पण बेस खाली आणि सोप्रानो वर. नियमात चोख.

सगळे आवाज भरल्यावर:

सोप्रानो: सी५, बी४, बी४, सी५
अल्टो: ए४, जी♯४, जी♯४, ए४
टेनर: ई४ चारही वेळा
बेस: ई३, ई३, डी३, सी३

शेवटच्या कॉर्डमध्ये थर्ड डबल झाला आहे. मायनरमध्ये हे चालतं, शिवाय दोन्ही सी पायरीपायरीनं आलेत.

खरा आनंद पुढच्या बारमध्ये. सोप्रानो सी-डी-सी जाते. बेसनंही सी-डी केलं असतं तर पॅरलल ऑक्टेव्ह, म्हणजे समांतर सप्तकांचा तसाच दोष. म्हणून बेस बी२ आणि मग ए२: पाचवीची चार-तीन (तीच सेव्हन्थ कॉर्ड, तळाशी बी), मग मूळ स्थितीतली पहिली. जी♯४ आणि डी५चा डिमिनिश्ड फिफ्थ (अर्धा स्वर कमी असलेला पंचम) आत मिटून ए-सी होतो, आणि बेसला न मागता ई-डी-सी-बी-ए अशी सलग उतरंड मिळते. टेनरला मात्र सहा कॉर्ड ई४च धरायचा आहे. बिचारा.

तपासणीबद्दल एक सूचना. म्युझस्कोअर हे नोटेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि लिहायला उत्तम, पण प्लेबॅकचा पियानो असे दोष झाकतो, कारण स्वर लगेच विरतो. ऑर्गनचा आवाज लावा, टेम्पो ६०वर आणा, आतल्या दोन ओळी म्यूट करा. पॅरलल फिफ्थ लगेच उघडे पडतात. दोष शोधणारी प्लगइन लाल रेघ मारतात, पण बदल कुठल्या आवाजात करायचा ते सांगत नाहीत. त्या रेघेच्या नादानंच आतल्या आवाजांची एवढी ओढाताण झाली.

आता सहावीचं काय? ती टाकून द्यायची असं ठरत होतं, पण आठव्या बारकडे पाहिल्यावर बेत बदलला. तिथं सोप्रानो बी४वरून ए४वर येते. बेस ई३-एफ३ वर, सोप्रानो खाली, म्हणजे पंचमाचा थेट दहावा. डिसेप्टिव्ह कॅडेन्सला (फसव्या समारोपाला) ही जागा कितीतरी बरी. क्लोज मांडणीत (वरचे तीन आवाज जवळजवळ) मात्र अल्टोचा जी♯ आणि सोप्रानोचा बी दोघंही ए४वर आदळतात. जी♯ खाली एफवर नेता येत नाही, मध्ये ऑगमेंटेड सेकंड (दीड स्वराची अवघड उडी) पडतो. म्हणून ओपन, म्हणजे पसरट मांडणी:

सोप्रानो: बी४, ए४
अल्टो: ई४, सी४
टेनर: जी♯३, ए३
बेस: ई३, एफ३

यात युनिसन (दोन आवाजांना तोच स्वर) नाही. लीडिंग टोन, म्हणजे एकडे ओढणारा जी♯, वर जातो आणि दोन ए सप्तकाच्या अंतरावर राहतात. पण आता शेवट सहावीवर झाला, त्यामुळे खऱ्या कॅडेन्ससाठी दोन बार वाढवावे लागतील, चाल दहा बारची होईल. शिवाय सातव्या बारमध्ये क्लोजमधून ओपनमध्ये जायला टेनर सहाव्या अंतरानं खाली, ई४वरून जी♯३वर उडी मारतो. ती उडी सहाव्या बारपासूनच वाटून घ्यावी असं दिसतंय. पुढची नोंद त्याच बारची.