कुलूप ज्याचं, किल्ली त्याचीच

परवा आमच्या थीम पार्कातली सगळ्यात गर्दीची राइड उघडायला भलताच उशीर झाला. कारण एक कुलूप. रात्रपाळीचा टेक्निशियन काम आटोपून घरी गेला आणि वीज तोडायच्या स्विचवर लावलेलं कुलूप काढायचं विसरला. बाहेर फ्लोरिडातल्या ऑरलँडोचं ऊन, वैतागलेली रांग आणि आम्ही ऑपरेटर हाताची घडी घालून उभे. "कटर आणा की," असं मी म्हटलं, तर आमची टीम लीड माझ्याकडे बघतच राहिली.

यंत्रात उतरणारा प्रत्येक जण आधी वीज तोडतो, तिथे स्वतःचं कुलूप लावतो, नावाची चिठ्ठी अडकवतो आणि किल्ली खिशात टाकून मगच रुळांवर जातो. पाच जण आत असतील तर पाच कुलपं, आणि शेवटचं निघेपर्यंत राइड चालूच होत नाही. याला लॉकआउट-टॅगआउट म्हणतात. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या 'ओशा'चा तसा नियमच आहे. दुसऱ्याचं कुलूप काढायचं तर तो माणूस आवारात नाही याची खात्री करायची, त्याला गाठायचा प्रयत्न करायचा आणि तो पुन्हा कामाला लागण्याआधी त्याला तसं कळवायचं.

तर मॅनेजर आला, मग त्याच्या वरचा आला, आणि दोघंही फोन लावत बसले. एक तिकीट तपासणारा, एक मेकॅनिक, एक झाडूवाला, कोणीही असो. ज्याचं कुलूप त्याच्यापुढे साहेबाचा हुद्दा चालत नाही. शेवटी तो बिचारा झोपेतून उठून आला आणि त्याने कुलूप काढलं. चारचौघांत त्याला कोणी एक शब्द बोललं नाही. (केबिनमध्ये बोलले असतील, ते सोडा.)

आता "आपल्याकडे असं नाही" हे लिहायचा मोह होतो, पण ते खरं नाही. आपल्या लाइनमननेही वीज बंद केल्याचं परमिट घेतल्याशिवाय खांबावर चढायचं नसतं. आणि इथलंही सगळं सोन्याचं नाही. फ्लोरिडात किमान हजार पूर्णवेळ कर्मचारी आणि स्वतःचे पूर्णवेळ सुरक्षा तपासनीस असलेल्या पार्कांना राज्य सरकारच्या नेहमीच्या राइड-तपासणीतून सूट आहे. म्हणजे मोठ्यांनी आपलं आपण तपासायचं! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा पचलं नव्हतं. मग ते कुलूप पाहिलं.

सासरच्या ग्रुपवर मात्र माझी ओळख 'बटण दाबते' एवढीच. दाबते बाई, पण एकटी नाही. राइडची ट्रेन सोडायला प्लॅटफॉर्मवरच्या माणसाचं बटण आणि कंट्रोलवरच्याचं बटण एकाच वेळी दाबलेलं लागतं. आधी प्रत्येक लॅपबार, म्हणजे मांडीवरचा अडसर, हाताने ओढून बघायचा. पुढच्या ब्लॉकमधून, म्हणजे रुळाच्या पुढच्या टप्प्यातून, आधीची ट्रेन बाहेर पडल्याशिवाय मागची आत सोडायची नाही, हे काम पीएलसी, म्हणजे राइड चालवणारा छोटा कंप्युटर, बघतो, पण तो अडला की प्रवाशांना वरून जिन्याने उतरवणारी माणसं आम्हीच. वीज कडाडायला लागली की उघड्यावरच्या राइड बंद, आणि लोकांच्या शिव्याही आम्हालाच. उंची मोजायच्या काठीच्या खाली भरणाऱ्या पोराला 'नाही' म्हणायचं आणि बापाच्या नजरेला नजर द्यायची, हे तर एखाद्या बँकेच्या मॅनेजरलाही झेपणार नाही.

बाकी कामं पाहाल तर गावच वसलेलं असतं: लाइफगार्ड, प्राण्यांची देखभाल करणारे, शिवणकामवाले, आतिषबाजीवाले, पहाटे रूळ चालून तपासणारे. डिस्नेत तर सगळ्यांनाच 'कास्ट मेंबर' म्हणतात, मग तो झाडू मारणारा का असेना. तिथल्या मॅजिक किंगडम पार्कच्या पोटात कचरा ओढून नेणाऱ्या हवेच्या नळ्या आहेत, तरी हातात झाडू आणि सुपली घेतलेली माणसं लागतातच. आणि हीच माणसं रस्त्यावर ओल्या झाडूने मिकी काढून पोरांना हसवतात. दाढी ठेवायची परवानगी मात्र त्यांना 2012 मध्ये मिळाली. आमच्या ह्यांना ते कळल्यावर त्यांनी नोकरीचा विचार तिथल्या तिथे सोडून दिला, जणू कोणी विचारलंच होतं!

"मलाही तिथे चिकटव" असे निरोप येतात, म्हणून सांगते. डिस्नेच्याच एपकॉट पार्कमध्ये 11 देशांचे पॅव्हेलियन, म्हणजे त्या त्या देशाची दालनं, आहेत आणि तिथे त्या त्या देशातली तरुण मुलं आणून कामाला ठेवण्याची पद्धत आहे. 1990च्या कायद्यातला क्यू व्हिसा अशाच सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी. मोरोक्को आहे, नॉर्वे आहे, भारत नाही. का नाही, हे मला विचारू नका, मी त्यावर दोन तास बोलेन. तेव्हा ते दार विसरा. त्यापेक्षा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा असेल तर पीएलसी आणि हायड्रॉलिक्स नीट शिका. राइड टेक्निशियन प्रत्येक पार्कला लागतो, जगात कुठेही.