विजोड जू

रविवार, नवापूर.

ख्रिस्ती वळणाच्या प्रेम-रहस्य कादंबऱ्यांचं दुखणं बरेचदा बायबलमधल्या एकाच वचनाशी जाऊन थांबतं: करिंथकरांस दुसरं पत्र, ६:१४. विश्वास नसलेल्याशी विजोड होऊ नये. मुळात हे रूपक जुवाचं, त्यामुळे इकडे ते समजावून सांगावं लागत नाही. एक बैल उंच आणि एक ठेंगणा जुंपला की जू कलतं, खांदा सुजतो, तास वाकडं जातं.

कथानकात मात्र हेच वचन घात करतं. नायक पोलीस अधिकारी, देवावर रुसलेला, नायिका श्रद्धाळू. शेवटी लग्न लागायचंच, म्हणजे गडी विश्वासात येणार हे दुसऱ्या प्रकरणातच कळतं. लेखक ते परिवर्तन उरकतो कुठे, तर शेवटच्या झटापटीच्या तोंडावर, दीड पानात. पुढे गोळ्या सुटल्या तरी वाचकाच्या पोटात गोळा येत नाही. त्याहून वाईट म्हणजे प्रार्थना झाली आणि लगेच फोनला रेंज आली! सुटकेची वस्तू आधी कुठेतरी दिसलेली असावी लागते. प्रार्थनेनं धीर यावा. किल्ली नायिकेनंच शोधावी.

प्रेमकथा छापणाऱ्या हार्लेक्विन प्रकाशनाची 'लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स' ही अशाच कादंबऱ्यांची मालिका २००५ पासूनची. पुस्तक साधारण ५५ हजार शब्दांचं, त्यात गुन्हा, प्रेम आणि श्रद्धा दाटीवाटीनं बसवायची. उपाशी राहतो तो खलनायक. त्याचा हेतू शेवटच्या कबुलीत एका दमात सांगून टाकतात.

जमतं ते संयमामुळे. तो रात्रभर ओट्यावर पहाऱ्याला, ती आत, मध्ये दाराची कडी. चहाचा कप खिडकीच्या गजांतून येतो, बोटं लागतात न लागतात. शय्यागृहाची सोय नसल्यानं लेखकाला हा कप नीट लिहावाच लागतो. शिवाय खुन्याला क्षमा करायची का, हा प्रश्न इथे तोंडदेखला नसतो. आपल्याकडे ख्रिस्ती लेखक बाबा पद्मनजींच्या 'यमुनापर्यटन' या कादंबरीतही (१८५७) उपदेश आहेच, पण लक्षात राहतात ते विधवांचे हाल.

नवापूर स्टेशन तर अशा कथेला आयतंच मिळालंय. सुरत-भुसावळ मार्गावरचं, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. एक बाक दोन्ही राज्यांत पसरलेला. त्याच्या गुजरातेतल्या टोकाशी प्रेत सापडलं की पहिला प्रश्न, हद्द कोणाची? कागद इकडून तिकडे फिरेपर्यंत साक्षीदार पुढच्या पॅसेंजरनं निघून गेलेला. आणि अलीकडच्या टोकाला ती, मांडीवर शुभवर्तमान मिटून ठेवलेलं, गाडीची घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चारही भाषांत ऐकत बसलेली.