झोका कोठे शे?

माझा पहिला अल्बम शेवटी आला एकदाचा. ७ गाणी, २९ मिनिटं. अपलोड करताना भाषेच्या यादीत अहिराणी सापडली नाही, मुकाट्याने मराठी निवडली. आजीला हे अजून सांगितलेलं नाही.

मी अमळनेरची. पुण्यात खान्देश म्हटलं की लोक आधी शेवभाजी काढतात, मग बहिणाबाई. त्या आसोद्याच्या, त्यांची बोली लेवा गणबोली. आमच्या घरात अहिराणी. पण बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, मुलाने, सोपानदेवांनी, गाणी उतरवून घेतली आणि पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यावर. म्हटलं, आपली आजी आहे तोवर रेकॉर्डर काढावा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी गेले. कडुनिंबाला झोका, माहेरी आलेल्या आत्या, भरलेल्या घागरीवर खरबूज. माइकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद केला. खान्देशातल्या वैशाखात! त्यावर आत्यांनी जे सुनावलं ते अल्बममध्ये नाही. आजीसमोर फोन धरला की ती शब्द विसरायची. झोक्यावर बसवलं की सगळं आठवायचं.

पुण्यात येऊन तिचा आवाज कापून, ताणून क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या एकसारख्या टकटकीवर बसवला, खाली गिटार. एका स्टुडिओवाल्याचा सल्ला होता, ‘अहिराणी ना? मग डीजेवर वाजेल असं कर, थोडी कॉमेडी टाक.’ ते केलं नाही. आपलंच शहाणपण आजीला पाठवलं. तिचा फोन आला, ‘‘गानं बरं शे. पन झोका कोठे शे?’’

दोन दिवस फुगून बसले. मग मूळ रेकॉर्डिंग ऐकलं. झोका वर गेला की जरासा थबकतो, तिथे ती अक्षर ओढते. खाली येताना दोन-तीन शब्द एका दमात सोडते. मी नेमकं तेच सरळ करून टाकलं होतं. क्लिक काढलं आणि तिच्या मागे मागे जात गिटार पुन्हा वाजवली. बोटांना सवय व्हायला आठवडा गेला. चौथं गाणं ते. दोराची करकर मुद्दाम ठेवलीय, हेडफोन लावून ऐका. (पाचव्यात गिटार जरा जास्तच झालीय, मान्य.)

नवीन पाठवलं तर आजी म्हणे, ‘‘तिसरं कडवं कोठे गयं?’’

तिने त्या दिवशी ते गायलंच नव्हतं. सांगितलं तसं. तर फोनवरच म्हणायला लागली. मी रिक्षात, मागे हॉर्न.