दप्तर घेऊन येणारं गिऱ्हाईक

कराडात आमचं तीन मजली दुकान आहे. आमचं म्हणजे मालकांचं, पण तेरा वर्षं तिथं काम केल्यावर तोंडात 'आमचं'च येतं. खाली भांडी, प्लास्टिक, चादरी. वर साड्या, लहान मुलांचे कपडे, जेन्ट्सचा माल. स्वस्तात सगळं मिळतं ही दुकानाची ओळख, आणि लग्नसराईत आसपासच्या गावांतून अख्खी घरं टेम्पो करून येतात. रेडिमेडचा मजला माझ्याकडे आहे. २०२५ च्या मे महिन्यात स्टॉक मोजायला बसलो, तेव्हा तेरा ते अठरा वयाच्या पोरांसाठी आणलेला जवळजवळ सगळा माल जागेवर होता. अंगाला घट्ट बसणाऱ्या जीन्सचे गठ्ठे तर उघडलेलेसुद्धा नव्हते.

मालक म्हणाले, "ताई, आईबाप आपल्याकडं येतात आणि पोरं कुठं जातात? सूट वाढवूया का?"

सूट वाढवून काही होणार नाही असं मला वाटत होतं. दारावर '५० टक्के सूट' लिहिलं की आया थांबतात. पोरं मोबाइल काढतात, टी-शर्टवर कॅमेरा धरतात आणि तसाच टी-शर्ट दुसरीकडे कितीला आहे ते दोन मिनिटांत बघतात. मग आधी वाढवून नंतर कमी केलेली किंमत त्यांना लगेच कळते, आणि एकदा कळली की ते पुन्हा येत नाहीत. ज्या झुडिओ नावाच्या कपड्यांच्या दुकानात ही मुलं जातात, तिथं सेल लागत नाही. ऑनलाइनही ते विकत नाहीत. कपडे बहुतेक हजाराच्या आत, आणि जो आकडा लिहिलाय तोच द्यायचा. म्हणजे स्वस्ताई आमच्याकडेही होती, पण पोरांना हवं असलेलं दुसरं काहीतरी नव्हतं.

ते काय, हे बघायला जूनमध्ये शाळा-क्लास सुटायच्या वेळेला मी पंधरा दिवस रोज जिन्यापाशी उभी राहिले. दारात वॉचमन दप्तर काढून ठेवायला लावायचा. दप्तरात क्लासचे पैसे, मोबाइल, डबा, सगळंच असतं, त्यामुळे निम्मी मुलं तिथूनच परत फिरायची. जी वर यायची त्यांच्यामागे सेल्समन चालायला लागायचा. "कुणासाठी बघतोयस? आई कुठाय? आधी बजेट सांग." मोठ्या माणसाला आम्ही पाणी विचारतो आणि या मुलांची चौकशी करतो, हे तेरा वर्षांत माझ्या नजरेला आलं नव्हतं. शिवाय त्यांचा रॅक खेळण्यांना चिकटून होता, वर कार्टूनचं चित्र. नववीतला मुलगा मित्रांदेखत त्या चित्राखाली उभा राहणारच नाही.

हे बदलायला पैसे लागले नाहीत. दप्तर खांद्यावरच राहू द्यायचं ठरलं. रॅक खाली जिन्यासमोर आणला, त्यासाठी कुकरचे खोके मागे हलवावे लागले. मालकांना ते जड गेलं, लग्नाच्या आहेराचा तो धंदा. पाटी कसलीच लावली नाही, कारण 'टीन', 'ज्युनिअर' असलं काही लिहिलं की त्या वयाची मुलं तिथून लांब जातात.

साइजचं काम मात्र वर्षभर पुरलं. लहान मुलांचे नंबर ३४-३६ पर्यंत येतात आणि मोठ्यांचा माल एम-एल-एक्सएलने सुरू होतो. चौदा वर्षांचा उंच, काटकुळा मुलगा या दोन्हींच्या मधे पडतो. ३६ नंबरचा शर्ट त्याला हातात आखूड, आणि मोठ्यांचा एम खांद्यावरून उतरतो. जेन्ट्स जीन्स २८ कंबरेपासून येते, त्याला २६ लागते. मुलींचं तर आणखी अवघड, कुर्तीचा सेटच एमपासून बांधलेला असतो.

आमचा बराच माल कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या घाऊक बाजारातून येतो. तिथले व्यापारी सेट फोडत नाहीत. चार साइजचा सेट पूर्ण घ्यायचा, नको असलेल्या साइज तुमच्या गळ्यात. मी तीन वेळा गेले. दोन वेळा चहा पाजून परत पाठवलं. तिसऱ्या वेळी जुन्या बिलांवरून वहीत लिहून नेलं होतं की गेल्या दोन वर्षांत त्यांच्याकडून घेतलेल्या मालात काय विकलं गेलं आणि काय पडून राहिलं. ती वही बघून एका शेठनी एसचे वेगळे पीस द्यायचं कबूल केलं, पण रोखीनं आणि परतीशिवाय. जीन्ससाठी उल्हासनगर गाठलं. तिथं शिलाईवाले तुमच्या साइजने माल काढून देतात, फक्त पीस भरपूर घ्यावे लागतात. २६ आणि २८ कंबर, घेर सैल, अशी पहिली ऑर्डर देताना माझे हात गार पडले होते. माल पडून राहिला असता तर मालक काही बोलले नसते, पण पुढच्या वेळी माझं ऐकलंही नसतं.

टी-शर्टच्या बाबतीत पोरांनीच मला शिकवलं. एक अकरावीतला मुलगा कापड चिमटीत धरून म्हणाला, "मॅडम, हे १६०-१८० जीएसएमचं असेल, पातळ आहे. २४० वालं आहे का?" एका चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये किती, हा तो आकडा. आम्ही तो फक्त व्यापाऱ्याशी बोलताना वापरायचो. तेव्हापासून तमिळनाडूतल्या तिरुपूरहून येणाऱ्या मालावर मी जीएसएम लिहून लावते. जाड कापडाचा, खांदा उतरता टी-शर्ट १९९ ला बसत नाही, ३४९ ला बसतो, आणि ३४९ चाच जास्त जातो. स्वस्त दुकानाने या मुलांना सगळ्यात स्वस्त तेच दाखवावं, ही आमची समजूत चुकीची होती.

ट्रायल रूम म्हणजे गोडाऊनच्या तोंडाशी एक पडदा होता. मुली तिथं जात नसत, आणि का जाव्यात? आत गेलेली मुलगी आरशाला बोट लावून बघते, मागे काही आहे का म्हणून. भिंतीवरचा प्रत्येक स्क्रू तपासते. आता आतून कडी लागणाऱ्या लाकडी दाराच्या दोन खोल्या आहेत, हुक आहेत, दप्तर ठेवायला स्टूल आहे, आणि मुलींच्या खोलीबाहेर कायम आमच्यातली एक बाईच असते. आत कितीही कपडे न्या. फोटो काढून आईला पाठवा, मैत्रिणीला व्हिडिओ कॉल करा. आधी आम्ही फोटोला मनाई करायचो. पण या वयात खरेदी एकटीची नसतेच, ती मैत्रिणींनी पास करावी लागते.

आणि मैत्रिणींनंतर घर. या मुलांच्या हातातले तीनशे-चारशे रुपये दिवाळीचे, मामाने दिलेले किंवा आईकडून मागून घेतलेले. कपडा निवडतात स्वतः, पण हिशोब घरी द्यायचा असतो. "हे असलं आणलंस होय?" या एका वाक्याच्या भीतीने हातात घेतलेला पीस परत हँगरवर जातो, हे मी कितीदा पाहिलंय. गल्ल्यामागे आमची पाटी होती : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' ती काढा म्हणून मी मालकांच्या मागे लागले. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हेही सांगितलं. ते म्हणाले, "सदोष घेऊ की. पण आवडला नाही म्हणून आणला तर? पोरं घालून, मिरवून आणतील." भीती खोटी नव्हती. शेवटी सात दिवस, बिल आणि टॅग असेल तर कारण न विचारता बदलून, असं ठरलं. काही जणांनी घालून आणलेही. पण बदलायला येणारी मुलगी आईला घेऊन येते. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आई येते आणि स्वतःसाठीही काहीतरी बघते. दिवाळीनंतर मालकांनी स्वतःच सात दिवसांचे दहा केले.

एसटीचं आणखी एक. खेड्यातल्या शाळकरी मुलींना बारावीपर्यंत मोफत पास असतो, त्यामुळे त्या रोज कराडात येतात, पण गावची गाडी चुकली तर पुढची कधी याचा भरवसा नाही. त्यांच्याकडे अर्धा-पाऊण तास असतो, आणि आमच्या गल्ल्यावर चादरी-भांड्यांची लांब बिलं चाललेली. एक-दोन पीसवाल्यांसाठी संध्याकाळी चार ते सात वेगळा गल्ला सुरू केला. तिथं मोबाइल नंबर मागत नाही. अठराच्या आतल्या मुलींचे नंबर आमच्या वहीत कशाला?

सगळंच जमलं असं नाही. जोरात गाणी लावली, तर साड्यांच्या बायका वैतागल्या आणि पोरांनी लक्षही दिलं नाही. रील स्पर्धा ठेवली, ती लगेच बंद केली, मुलांचे चेहरे आमच्या जाहिरातीत घरच्यांना न विचारता येऊ लागले होते. त्याऐवजी आमच्याकडची एकोणीस वर्षांची मुलगी दर शुक्रवारी नवा माल स्वतः घालून फोटो टाकते, खाली साइज आणि किंमत. एवढं पुरतं. अकरावीसाठी जूनमध्ये भरलेला माल ऑगस्टपर्यंत अडकला, कारण २०२५ मध्ये पहिल्यांदाच राज्यभर प्रवेश ऑनलाइन झाले आणि लांबत गेले. २२ सप्टेंबरला घटस्थापना होती, त्याच दिवशी अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. हजाराच्या वरच्या जॅकेटांवर आधी १२ होता. रात्री बसून सगळे टॅग बदलले, आणि सकाळी मुलांना नवा आकडा लावलेला दिसला.

डिसेंबरात एका शाळेच्या गॅदरिंगची नऊ मुलं आली, नाचासाठी सगळ्यांना एकसारखे काळे शर्ट हवे होते. आठ जणांचं झालं. नववा अंगाने भरलेला होता, तो मागे उभा राहून "मला नको, माझ्याकडे आहे घरी" म्हणत होता. मी तेव्हा त्याची साइज मोठ्याने विचारली नाही. बाकीचे ट्रायलला गेल्यावर टेपने खांदा मापला आणि परवा ये म्हणाले. गांधीनगरला फोन केला, थ्री-एक्सएल साइजचा शर्ट दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने आला. एसच्या मागे धावताना मी या मुलांना विसरले होते. आता दर लॉटमध्ये दोन्ही टोकं लिहिते.

मुलींच्या २६ कंबरेच्या पूर्ण उंचीच्या जीन्सचं अजून जमलेलं नाही. पीस कमी पडतात म्हणून शिलाईवाला नाही म्हणतोय. साताऱ्यातल्या एका दुकानदारताईंना निम्मी ऑर्डर उचलाल का, असं विचारलंय. त्यांचा होकार आला की मंगळवारी उल्हासनगरला निघते.