आमची वाटचाल : शिकणाऱ्या पोराचा महिना कसा निघतो

आमचं वर्कशॉप कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत आहे. मशिनिंगचं जॉबवर्क करतो, म्हणजे शेजारच्या फाउंड्र्यांतनं कास्टिंग, म्हणजे ओतलेला धातूचा भाग, येतं आणि आम्ही टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग करून देतो, ट्रॅक्टरचे आणि पंपाचे पार्ट जास्त. सुरुवात उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात सेकंडहँड लेथवर झाली, मी आणि एक मिस्त्री, तिसरं कोण नाही. पुढं कर्ज काढून पहिलं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन), मग 2008 ची मंदी, मग स्वतःचं शेड, व्हीएमसी (उभं मिलिंगचं सीएनसी), लॉकडाऊन... हे इथल्या सगळ्यांचंच थोड्याफार फरकानं सारखं असतंय, त्यात वेळ घालवत नाही. मला लिहायचंय ते पोरांबद्दल, कारण मशीनला बँक कर्ज देते, सेटर, म्हणजे जॉबप्रमाणे मशीन लावून देणारा कारागीर, कुठली बँक देत नाही.

आयटीआय करून टर्नर किंवा मशिनिस्ट पोरगं आलं की पहिले काही आठवडे लोडिंग-अनलोडिंग, चिप (धातूचा चुरा) काढणं, बर मारणं म्हणजे कडेची धार घासणं, एवढंच. मग मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, हातात देतो. बघायला सोपं वाटतं, पण नवीन पोरगं ते स्क्रूसारखं आवळतं, प्रत्येक वेळी वेगळं रीडिंग, आणि म्हणतं जॉबच खराब आहे. मग आमचा जुना सेटर त्याचा हात धरून रॅचेटवर (मागच्या टोकाच्या, जास्त आवळू न देणाऱ्या घुंडीवर) नेतो, तीन वेळा कट-कट वाजू दे, मग थांब, आता वाच. हे अंगात मुरायला महिना-दोन महिने जातात. पुढं इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) बदलणं, ऑफसेट (मापातली दुरुस्ती) मशीनमध्ये टाकणं, बोअर म्हणजे आतल्या भोकाचं माप घेणारं गेज झिरो करणं, आणि नुसतं ड्रॉइंग हातात देऊन 'लाव सेटिंग' म्हणता येईल अशी वेळ यायला चांगलं वर्ष लागतं. त्या वर्षात एखादा बोअर ओव्हरसाइज झाला तर अख्खं कास्टिंग स्क्रॅपमध्ये जातं, ते आमच्या खर्चात धरलेलंच असतं.

पण पोराच्या घरी कुठलं वर्ष धरलेलं असतं? वडील ऊसतोडीला नाहीतर गवंड्याच्या हाताखाली, आई दुसऱ्याच्या रानात. 'शिकतोयस ते बरं हाय रं, पण आणतोस किती?' हा प्रश्न तिसऱ्या महिन्यात येतोच. पार्सल डिलिव्हरीला, हॉटेलात, कुठं गोडाऊनला पहिल्या दिवसापासनं रोख मिळते, तिकडं जातंय ते. आम्ही बरीच वर्षं हेच बघत आलोय की आळशी पोरं टिकतात आणि ज्याला खरी गरज आहे, ज्याचा हात चांगला बसत आलाय, तेच सोडून जातंय.

कॉलेजात शिकणाऱ्या गरीब पोराला निदान शिष्यवृत्ती, फीमाफी, वसतिगृहाचा भत्ता असं काहीतरी असतं. आयटीआयवाल्या पोराचं विद्यावेतन मात्र आपल्या राज्यात 2023 पर्यंत महिन्याला 40 रुपये होतं, चाळीस! ते 500 केलं. आणि शॉपमध्ये उभा राहून शिकणारं पोरगं तर विद्यार्थी पण नाही आणि कामगार पण नाही असं मधल्यामध्ये लटकलेलं. कोल्हापूरच्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही खरं तर, शाहू महाराजांनी 1901 पासनं इथं बोर्डिंगं काढली ती ह्यासाठीच की बाहेरगावच्या गरीब पोराची राहायची-जेवायची सोय लागल्याशिवाय नुसती शाळा फुकट करून भागत नाही.

आम्ही आधी केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी योजनेत, ज्याला नॅप्स म्हणतात, दोघं घेतले. ती 2016 ला आली. 2019 च्या बदलानंतर आयटीआय झालेल्याला किमान 7,000 विद्यावेतन, त्यातले पंचवीस टक्के पण जास्तीत जास्त 1,500 सरकारचे, बाकी आमचे. तेव्हा आधी सगळे आम्ही द्यायचे आणि मग क्लेम टाकायचा, 2023 पासनं सरकारचा वाटा थेट पोराच्या खात्यात जायला लागला. छोट्या शॉपला हे जड जातं, पण केलं.

मग जुलै 2024 ला राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, तीच ती 'लाडका भाऊ'. बारावीला 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000, पदवीधराला 10,000, सगळं सरकारकडनं डायरेक्ट खात्यात. उद्योगाला किमान 20 माणसं पाहिजेत आणि तीन वर्षं झालेली पाहिजेत, कारखान्यात माणसांच्या दहा टक्के ट्रेनी. आमची माणसं बावीस-तेवीस, म्हणजे दोन पोरं. दोन तर दोन! फक्त मुदत सहा महिने ठेवली होती, आणि वर सांगितलं तसं सहा महिन्यांत पोरगं ऑफसेटपर्यंत येतं, सेटिंगपर्यंत येत नाही. म्हणजे पैसे नेमके त्या जागी बंद होणार जिथं त्याला अजून थोडं थांबवलं तर कारागीर होणार. 2025 मध्ये मुदत अकरा महिने केली तेव्हा आमच्या शॉपला त्याचा अर्थ लगेच कळला. पहिल्या बॅचचा एक जण आज रात्रपाळीला एकटा मशीन सेट करतोय.

ह्याच योजनेतले अकरा महिने कुठल्यातरी सरकारी ऑफिसात कागदांवर शिक्के मारत काढलेल्या पोराला पुढं काय? ती पोरं कायम करा म्हणून आझाद मैदानावर बसली, त्यांचा राग मला कळतो. जिथं शिकवायला काही आहे तिथंच मुदतवाढ कामाची, माझं मत आहे हे, पटलं तर बघा.

आणखी एक गोष्ट जी जीआर वाचून कळत नाही. शाहूवाडीकडचं एक पोरगं लागलं, हजेरी पूर्ण (महिन्यात दहा-दहा दिवस दांडी पडली तर त्या महिन्याचं विद्यावेतन मिळत नाही, शेतीच्या दिवसांत हे सांभाळावं लागतं), सगळं ऑनलाइन बरोबर, आणि पैसे काही दिसेनात. शेवटी कळलं की पैसे आलेत पण त्याच्या भलत्याच खात्यात. हे पैसे आपण फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातातच असं नाही, आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं असेल तिथं जातात, आणि त्याचं आधार गावाकडच्या एका जुन्या खात्याला जोडलेलं, ज्याचं पासबुकसुद्धा घरात सापडत नव्हतं. तोपर्यंत पोरगं एसटीला उसने पैसे मागत होतं आणि आम्हाला बोलत नव्हतं, लाजेनं. तेव्हापासनं रुजू व्हायच्या दिवशीच आम्ही आधार कुठल्या बँकेला आहे ते बघतो आणि पहिल्याच आठवड्यात थोडी उचल देतो. उचल नंतर हप्त्यानं वळती करतो, आत्तापर्यंत कुणी बुडवली नाही.

एसटीचा पास आमच्याकडनं, दुपारचं जेवण शॉपवर, आणि सहा महिने झाल्यावर विद्यावेतनाच्या वर 2,000 आम्ही घालतो. ह्या ट्रेनींना पीएफ-ईएसआय लागू नाही, म्हणून अपघात विमा वेगळा काढलाय, मशीनवर उभा राहणार म्हटल्यावर तो पाहिजेच. पार्टनर आधी म्हणायचे हे काय धर्मादाय आहे का. मी म्हटलं बाहेरनं तयार सेटर आणायचा तर पगार किती आणि तो टिकणार किती दिवस ते आधी मांडून बघा. मग ते गप्प बसले, म्हणजे पटलं असं मी धरतो.

आता ह्या वेळी दोन मुली आल्यात, एक इन्स्पेक्शनला आणि एक व्हीएमसीवर. काम चोख आहे, पण सेकंड शिफ्ट सुटल्यावर त्यांच्या गावाकडं एसटी नाही. गाडी लावायची तर खर्च कुणी धरायचा आणि नुसती फर्स्ट शिफ्टच द्यायची तर बाकीची पोरं कुरकुरणार, ह्यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.