वरचा खिसा

परवा दुपारी कुरियरवाला शर्ट देऊन गेला. घालून बघितला, मापात आहे, रंगही फोटोतल्यासारखाच आहे, आणि वरचा खिसा नाही. फाटलाय वगैरे नाही, मुळात शिवलेलाच नाही. मुलगा म्हणाला, बाबा हल्ली नसतोच, आणि तुम्हाला त्यात ठेवायचं काय असतं? आता काय सांगणार. खरंच काही नसतं. मोबाइल पँटमध्ये आणि पैसे मोबाइलमध्ये. तरी हात दोनदा छातीकडे गेलाच आणि नुसताच घसरून खाली आला.

हा हात माझा नाही, अण्णांचा आहे. अण्णा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. वर्षाला दोन शर्ट शिवायचे, दिवाळीला एक आणि दुसरा कुणाच्या तरी लग्नाच्या निमित्ताने. टेलरला माप द्यायची गरज नव्हती, त्याच्या वहीत अण्णांचं पान वर्षानुवर्षं तेच. कॉलर कशी, बाही किती, बटणं कुठली, काही बोलायचे नाहीत. फक्त खिशाचं सांगायचे, दर वेळी नव्याने सांगितल्यासारखं. अर्धा इंच खोल घे, डाव्या बाजूला पेनापुरती शिलाई मार, तळाला डबल टीप. टेलर मान हलवायचा. पँटला आतून चोरखिसा असायचा तो वेगळा, त्याच्याबद्दल दुकानात मोठ्याने बोलायचं नाही असा नियम. पगार चोरखिशात, बाकी आयुष्य वरच्या खिशात.

त्या खिशात काय नव्हतं? पेन, त्याच्या टोपणाला अडकवलेली एक सेफ्टी पिन (कुणाची तरी चप्पल तुटतेच), छोटा कंगवा, सुपारीची पुडी, रॉकेल कधी येणार ते लिहिलेला कागद, सोसायटीच्या कर्जाच्या हप्त्याची पावती, आईची औषधाची चिठ्ठी, शाळेने पालकांच्या सहीसाठी पाठवलेलं माझं काहीतरी, आणि एक लॉटरीचं तिकीट. तिकीट कायम. राज्य लॉटरी सुरू झाली १९६९ साली आणि अण्णा नोकरीला लागले ते त्याच वर्षी, त्यामुळे आमच्या दोघांची सर्व्हिस बरोबरीची असं म्हणायचे. एवढ्या सर्व्हिसमध्ये लागलं काय, तर दोनतीनदा तिकिटाचे पैसे सुटतील इतपत. त्याचंही पुन्हा तिकीटच यायचं. आई चिडायची, म्हणायची, त्यात साखर आली असती. अण्णा म्हणायचे साखर रेशनला मिळते, लॉटरी मिळते का?

रविवारी शर्ट धुवायला टाकायच्या आधी खिसा रिकामा व्हायचा, तो एक कार्यक्रमच. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत चटईवर बसून अण्णा एकेक कागद उलगडायचे, घडीवर फाटायला आलेले कागद, घामाने मऊ झालेले, काहींना वर्कशॉपचा तेलकट वास. (हात रॉकेलने धुवा नाहीतर साबणाने, कॉटन वेस्टने पुसून पुसून बोटांत बसलेलं ते ग्रीस जायचं नाही, रिटायर झाल्यावर वर्षभराने गेलं.) काम झालेला कागद फाडायचा, अर्धवट राहिलेला परत घडी करून ठेवायचा. मी समोर बसायचो कारण फाडलेले कागद मला मिळायचे, मागची बाजू कोरी असली की त्यावर इंजिन काढायचो. अडीच फुटी इंजिन, म्हणजे रुळांमध्ये अडीच फूट अंतर असलेल्या आमच्या छोट्या गाडीचं. मला बरीच वर्षं वाटायचं की रेल्वे म्हणजे तीच, आणि मेन लाइनवरून मुंबई-मद्रास धावते ती काहीतरी वाढलेली गाडी.

बार्शी लाइट म्हणजे हीच आमची अडीच फुटी रेल्वे, तिच्याबद्दल अण्णांसमोर कुणी हसायचं नाही. बाहेरगावचे पाहुणे हसायचे, म्हणजे चालत्या गाडीतून उतरायचं, आडोशाला जाऊन यायचं आणि परत चढायचं, हा विनोद प्रत्येकाला आपणच केला असं वाटायचं. अण्णा ऐकून घ्यायचे आणि मग शांतपणे सुरू करायचे. १८९७ ला कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, कंपनी इंग्रजांची, १९२७ ला पार मिरजेपर्यंत गेली, सरकारने घेतली ती १९५४ ला. तोपर्यंत पाहुण्याचा चहा गार. आषाढीला याच गाडीच्या टपावर बसून वारकरी पंढरपूरला जायचे, आत जेवढे तेवढेच वर, आणि त्याआधी महिनाभर वर्कशॉपात ओव्हरटाइम. ओव्हरटाइमच्या महिन्यात अण्णा खूश असायचे, पैशामुळे असतीलच, पण मला वाटतं त्यांना ती धावपळच आवडायची. माथेरानचे डबेसुद्धा दुरुस्तीला इथेच यायचे, ते दोन फुटी, आमच्याहून अर्ध्या फुटाने कमी. त्यांच्याबद्दल मात्र अण्णा स्वतःच हसायचे. खेळणं आहे रे ते, म्हणायचे.

फॅमिली ग्रुपवर ते बापावरचे मेसेज येतात ना, फाटकं बनियन घालून मुलाला बूट आणणारा बाप वगैरे, खाली हात जोडलेले, ते मला सहन होत नाहीत. म्हणजे असतील तसे, नाही म्हणत नाही. पण आमच्या कॉलनीतले बाप मी बघितलेत आणि ते असे दिवसभर झिजत नव्हते. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर, आणि बाहेर आल्यावर अण्णा सरळ घरी येत नसत. स्टेशनवर एक नंबरच्या फलाटावर चहा, कुणीतरी गाडीत सोडून गेलेला पेपर, त्यावर चौघांची चर्चा, एखादी मेल लेट असेल तर ती का लेट असावी यावर वेगळी चर्चा. तास-दीड तास सहज. आईला हे माहीत होतं, ती भाजी टाकायचीच उशिरा. त्यांच्या शर्टाची इस्त्री कधी मोडलेली बघितली नाही. बनियनही धड असायचं.

पैसे मात्र नव्हते, तेही खरं. ताईच्या लग्नाला पीएफमधून काढले, मला सोलापूरला शिकायला ठेवलं तेव्हा सोसायटीचं कर्ज घेतलं, ते फिटायच्या आत घराच्या प्लॉटसाठी दुसरं. पण त्याचं रडगाणं नाही. हप्ते किती राहिले हे पेन्सिलने पावतीच्या मागे लिहायचे आणि दर महिन्याला आकडा खोडून एकाने कमी करायचे. हे करताना चेहऱ्यावर जे असायचं त्याला मी तरी समाधानच म्हणेन, तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

श्रीमंती फक्त रेल्वेच्या फुकट पासात होती. वर्षातून एकदा फॅमिली पास निघायचा, हाताने लिहिलेला, व्हाया कुठून कुठून ते सगळं. अण्णा महिनाभर आधी टाइमटेबल घेऊन बसायचे, सरळ दौंडवरून जायचं सोडून लांबचा रस्ता शोधायचे, फुकट आहे तर जास्त गाव बघून घेऊ. आम्ही तिरुपती आणि दिल्ली बघितली, जेवढी स्टेशनवरून दिसते तेवढी आणि वर थोडी. प्रवासभर पास वरच्या खिशात आणि दर स्टेशनला अण्णांचा हात खिशावर. हा हात म्हणजे तोच, वर म्हटलं तो.

अडीच फुटी मार्ग एकेक तुकडा करून ब्रॉडगेज झाला, पंढरपूर-मिरज सगळ्यात शेवटी, २०१० साली. तोवर अण्णा रिटायर झाले होते. रूळ उखडताना बघायला जायचं का म्हणून विचारलं तर म्हणाले त्यात काय बघायचं, गाडी आता लवकर पोचेल, चांगलंच झालं. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचे तेव्हा मात्र कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. दुसरं कशाला, तर रांगेत कुणीतरी मागतंच.

ते गेल्यावर कपाटात कागदांची एक डबी सापडली, खिशातून काढून न फाडलेले कागद. बहुतेक पावत्याच. त्यात युनियनच्या वर्गणीच्या १९७४ सालच्या तीन होत्या. त्या वर्षीचा रेल्वेचा संप ८ मे ला सुरू झाला आणि २७ ला मिटला, देशभर हजारो लोकांना आत टाकलं, किती जणांच्या नोकऱ्या गेल्या. मी लहान होतो, मला आठवतं ते आईने सांगितलेलं. क्वार्टर खाली करायला लावतील म्हणून तिने भांडी पोत्यात भरून ठेवली होती, आणि अण्णा रात्री घरी झोपायला येत नव्हते. नोकरीला पाच वर्षं झालेला माणूस, घरात दोन पोरं.

कॉलेजात असताना एकदा त्यांना विचारलं होतं, भीती नाही वाटली का तेव्हा? म्हणाले, वाटली की. मग? मग काय, सगळे बाहेर होते, मी एकटा आत जाऊन काय करणार होतो. एवढंच बोलले. नंतर त्यांनी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.