‘म्हण, मगच देईन’ यात आमचे तीन महिने गेले

लेक अडीच वर्षांचा झाला तरी काही हवं असलं की माझं बोट धरून ओट्यापाशी ओढत न्यायचा आणि रडायचा. दोन वर्षांच्या मुलाला साधारण पन्नासेक शब्द यावेत, दोन शब्द जोडता यावेत, असं डॉक्टर म्हणाले. याला दहासुद्धा येत नव्हते. कान तपासले, ते ठीक निघाले.

मग बोलणं शिकवणाऱ्या एका खाजगी सेंटरमध्ये नाव घातलं. तिथे जे झालं त्याचा राग अजून जात नाही. बाई बिस्किट त्याच्यासमोर धरायच्या. “बिस्किट म्हण. म्हण, मगच देईन.” तो हात पुढे करायचा, त्या बिस्किट मागे घ्यायच्या. वीस मिनिटं हेच. घरीही असंच करा, पाण्याचंसुद्धा, असं मला बजावलं होतं. ऐन मे महिन्यात मी पेला उंच धरून “पाणी म्हण, पाणी म्हण” करत उभी राहायचे. सासूबाई म्हणाल्या, “अगं, आधी पाणी दे त्याला, मग काय ते शिकव.” मी त्यांचं ऐकलं नाही.

तिसऱ्या महिन्यात तो माझ्याकडे यायचाच थांबला. स्टूल सरकवून स्वतः ओट्यावर चढायला लागला. बोलणं दूरच, आमचं पोर मागायचंच विसरलं. सेंटरमध्ये सांगितलं तर उत्तर आलं, “तुम्ही घरी कडक राहत नाही.” त्या दिवशी मी रिक्षात रडले आणि परत गेले नाही.

पुढचा रस्ता अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकाने दाखवला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, त्यातलंच हे पथक. त्यांनी जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात पाठवलं. तिथे पैसे लागत नाहीत. तिथल्या स्पीच थेरपिस्ट जमिनीवर बसल्या. त्याने बाटलीकडे हात केला, त्या एकदाच म्हणाल्या, “पाणी दे,” आणि लगेच पाणी दिलं. त्याच्याकडून काही वदवून घेतलं नाही. त्याने जे म्हणायला हवं ते आपण त्याच्या तोंडचं वाक्य म्हणून बोलायचं आणि वस्तू द्यायची. काही दिवसांनी वाक्य बोलून मनात पाच आकडे मोजायचे, त्याच्याकडे बघत थांबायचं. तो बोलला नाही तरी द्यायचंच.

पुढे तो थोडं बोलायला लागल्यावर माझी एक चूक त्यांनी पकडली. मी दिवसभर “तुला पाणी हवं का?” विचारायचे, म्हणून तहान लागली की तो “तुला पाणी” म्हणायचा. मुलं ऐकतात तसंच उचलतात. माझं ऐकून पुढे तो “मी घेते” म्हणायला लागला, तेव्हा “मी घेतो” हे वाक्य त्याच्या बाबांकडे सोपवलं.

पहिला शब्द आला तो या नव्या पद्धतीच्या तिसऱ्या आठवड्यात. चिवड्याचा डबा त्याच्या हातात दिला, झाकण मुद्दाम घट्ट लावून. त्याने खटपट केली, डबा माझ्या मांडीवर ठेवला. मी म्हटलं, “उघड.” उघडला, चार दाणे दिले, पुन्हा लावला. असं पाच-सहा वेळा झालं. मग मी गप्प बसले. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, “उघल.” सासूबाई देवघरातून धावत आल्या. त्या दिवशी अर्धा डबा संपला, संपू दिला.

कानांबद्दल राहिलंच. ती तपासणी सगळ्यात आधी करा. बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी, झोपेत करतात, म्हणून त्या दिवशी पहाटेच उठवा आणि वाटेत डुलकी लागू देऊ नका. आमची एक खेप यातच फुकट गेली.

आणि सुरुवातीला ‘हवं’पेक्षा ‘पाहिजे’ वापरा. चेंडू हवा, पोळी हवी, पाणी हवं, हे बदल लहान मुलाला जड जातात. चेंडू पाहिजे, पोळी पाहिजे, पाणी पाहिजे: शब्द एकच राहतो. आमचा आता आजीला म्हणतो, “आजी, गोष्ट पाहिजे.”